मॅडमचं जेवण कोणाकडे

४ ऑगस्ट
संत्र्याच्या खालच्या बागेत गळ सुरू. सकाळी झाडाखालून फिरलो तर पायाखाली हिरव्या गोट्याच गोट्या. दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी जीव चुटपुटतो. उद्या फवारणी.

दुपारी शाळेत समितीची बैठक. नात दुसरीत, तिचे आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून पालक मी. बाकी कोणी फोन उचलत नाही म्हणून अध्यक्षही मीच. बैठक संपल्यावर राऊत सर मागे राहिले. "भाऊ, गावंडे मॅडम जाईन असं वाटते."
"काही बोलल्या?"
"नाही न. बोलत नाही, म्हणूनच वाटते."

अकोल्याची पोरगी. डिसेंबरात रुजू झाली, पहिली नोकरी, पहिली-दुसरी तिच्याकडे. आधीचे दोघं नवे असेच गेले. एक बँकेत लागला, दुसऱ्याला घराजवळची शाळा मिळाली. दोघांना शाल-नारळ मीच दिला. फोटोत मी हसतो आहे, काय हसण्यासारखं होतं कोण जाणे. आता राऊत सर ऑक्टोबरअखेर रिटायर. हीपण गेली तर शाळेत एकही ओळखीचं माणूस उरत नाही. लोक थांबणार नाहीत, जूनमध्ये पोट्टे वरूडच्या कॉन्व्हेंटच्या गाडीत. माझी नातही, खोटं कशाला बोलू.

ठरवलं. ही गळू द्यायची नाही.

६ ऑगस्ट
मॅडमच्या खोलीत इन्व्हर्टर बसवून दिला. कमलवहिनींच्या घराला लागून खोली आहे. पंखा, टेबल, खुर्ची, पाण्याची टाकी सगळं आहे, फक्त लाइट गेली की अंधार. आता तोही नाही. मालाला गार जागा लागते, माणसालाही लागत असेल, असा आपला हिशोब.
मॅडम म्हणाल्या, "कशाला भाऊ, एवढं."
त्या 'कशाला'मध्ये मला काही गोड ऐकू आलं नाही. मंडईत मालाच्या पाट्या उचलण्यापासून सुरुवात केली मी, पण पोट भरलं कानांवर. हर्रासात, म्हणजे लिलावात, माणूस आकडा बोलायच्या आधी श्वास घेतो. आखूड असला तर तो थांबणार, भरून असला तर पुढे जाणार. आकड्यापेक्षा श्वास ऐकावा. मॅडमचा आखूड होता.

११ ऑगस्ट
आज मॅडमचं जेवण आमच्याकडे. रुजू झाल्यापासून गावाची रीतच पडली आहे, रोज एका घरी. संध्याकाळी पारावर पहिला प्रश्न, आज मॅडम कोणाकडे? ज्याच्याकडे असतील तो ताठ बसतो. एकट्या पोरीला हातानं रांधू द्यायचं म्हणजे गावाची इज्जत गेली. आधीच्या दोघांनाही असंच जपलं होतं.

आमच्या हिनं, सुमननं, रोडगे अन् वांग्याची भाजी केली. वाढतच राहिली. "घ्या न मॅडम, काईच खाल्लं नाही तुमी." मग भावंडं किती, वडील काय करतात, लग्नाचं पाहून राहिले काय, आणि शेवटी एकदम मायेनं, "आता अकोल्याची बदली घेसान न?"
मॅडम हसल्या. ते हसू कुठंतरी पाहिलं होतं. झोपताना आठवलं, शाल-नारळाच्या फोटोत. माझ्याच तोंडावर.

१४ ऑगस्ट
आज समजलं. समजलं म्हणजे असं समजलं की जेवण गोड लागेना, आणि मग इतका आनंद झाला की बसवेना.

कमलवहिनींच्या वाडीत झेंडू पाहायला गेलो होतो. मागच्या भिंतीपलीकडे मॅडम फोनवर, आईशी. मी कान दिला नाही. कान आहेतच.
"आई, मले रोज पाहुनी व्हा लागते वो. रोज नवं घर, रोज तेच हसनं. भूक नाही म्हटलं तं लोकाइले वाईट वाटते. मले एक दिवस माह्या हातचा वरन-भात खाऊन, कोनाशी न बोलता झोपा वाटते."
मग थोडं थांबून, "शाळेतबी तसंच. सर रोज दारातून म्हनतात, छान चाललं. आत येतच नाही. छान नाही चाललं, मले मालूम हाय. ओमले आठ महिने झाले, अजून अक्षर जुळवता येत नाही. पन कोनी मले चूक म्हनतच नाही."
शेवटी, "हाव. अकोल्याच्या संस्थेच्या शाळेचं दिवाळीत हाय. येते मी."

ओम म्हणजे कमलवहिनींचा धाकटा. वहिनी माझ्याशेजारी उभ्या, पण त्यांना ऐकू आलं नाही, पंप सुरू होता. मला पंपासकट ऐकू आलं.

एवढी वर्षं आम्ही मास्तरांना काय दिलं? मान. ताट. पाट. पाहुण्याला जे देतो ते सगळं. आणि पाहुण्याला पहिल्याच दिवशी विचारतो, मग परत कधी? आधीचे दोघं पळाले नाहीत, आम्ही त्यांना रोज थोडं थोडं पोचवत होतो.

आणि इलाज फुकट. काही विकत आणायचं नाही. फक्त पाहुणचार थांबवायचा. उद्या झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत असतं. उद्याच सांगतो.

१५ ऑगस्ट
गाढवपणा केला.
झेंडावंदन झाल्यावर माइक घेतला आणि सरळ सांगितलं, "आजपासून मॅडमले कोनी जेवाले बोलावू नका."
चॉकलेट वाटून होईपर्यंत गावात तीन गोष्टी तयार. एक, मॅडमनं कोणाच्या तरी भाकरीला नाव ठेवलं. दोन, मला मॅडमना कायमच्या आमच्याच घरी जेवू घालायचं आहे, मोठेपणासाठी. तिसरी लिहीत नाही. कमलवहिनी फाटकातच उभ्या राहिल्या, "भाऊ, आमच्या घरचं काई कमी पडलं काय? तोंडावर सांगा. माइकवर काहून सांगता?"
संध्याकाळी मॅडमच्या दारात पाच डबे. रागानं आणलेले डबे, तरी एकात शिरा होता.

१६ ऑगस्ट
सकाळी मॅडम स्वतः माझ्या मालाच्या शेडवर आल्या. क्रेटवर बसल्या. डोळे सुजलेले. "भाऊ, माझं काही चुकलं का? गावानं माझ्याशी बोलणं बंद करावं असं?"
म्हणजे मी वाचवायला गेलो आणि पोरीला वाटलं वाळीत टाकलं. आता खोटं बोलून भागत नव्हतं. म्हटलं, "मॅडम, तुमची भिंत पातळ हाय."
आधी समजलं नाही. मग समजलं. कान लाल झाले. मग हसल्या, आणि हे हसू फोटोतलं नव्हतं. "सगळं ऐकलं?"
"दिवाळीपर्यंत सगळं."
दिवाळीचा विषय मी पुढे ओढला नाही, त्यांनीही नाही. विचारलं, खोलीत काय पाहिजे? म्हणाल्या, "शेगडी."

तीन मास्तर त्या खोलीत राहिले. पंखा दिला, इन्व्हर्टर दिला. शेगडी कोणाच्या डोक्यात आली नाही.

१७ ऑगस्ट
गॅस, शेगडी, कुकर पोचवला. सुमनला सगळं खरं सांगितलं, सुमननं कमलवहिनींना सांगितलं, म्हणजे गावाला सांगून झालं. माइकपेक्षा हे बरं होतं, आधी सुचायला पाहिजे होतं.
सं. कुकरची शिटी ऐकली. बाहेर चार बाया उगाच उभ्या होत्या. एक म्हणे, "वरन करून राहिली वाटते. हिंग कमी हाय."

२० ऑगस्ट
राऊत सरांना गाठलं. म्हटलं, मॅडमच्या वर्गात जाऊन बसा.
"भाऊ, नव्या मॅडमच्या वर्गात मी जाऊन बसणं बरं नाही दिसत. त्यांचा मान आहे."
पुन्हा मान. "तुमी नवे होते तवा?"
"आमचे हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसत. रोज. असा राग ये सांगतो."
"मंग टिकले कसे तुमी?"
सर चष्मा पुसत बसले. पुसलेलाच पुसत होते. "त्यांच्यामुळंच न बापा."

२८ ऑगस्ट
रा. सर चार दिवस मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर. पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. पोषण आहाराचं ऑनलाइन भरायचं काम मॅडमकडून काढून स्वतःकडे घेतलं. नव्याला मोबाइल येतो म्हणून ते नेहमी नव्याच्याच गळ्यात पडतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही पोराच्या आधी उत्तर सांगता. त्याला लटकू द्या थोडं."
मॅडम दिवसभर सरांशी बोलल्या नाहीत. आज सकाळी त्याच म्हणाल्या, सर, उद्याही बसा. आणि दुपारच्या सुट्टीनंतर त्या सरांच्या वर्गात मागच्या बाकावर.
मी टाकीचा नळ पाहायला शाळेत गेलो होतो. नळ ठीक होता.

२ सप्टेंबर
आज भांडण झालं. काय भांडण, वा.

मॅडमनी ओमला फळ्यापाशी उभं केलं, शब्द दिला, आणि सांगितलाच नाही. पोरगा बराच वेळ उभा, मग रडत घरी. कमलवहिनी मेथीची जुडी हातात घेऊनच मॅडमच्या दारात. मी रस्त्यावर, मोटरसायकल बंद केली.
"माह्या पोराले फळ्यापुढं उभं ठेवलं. येत नाही तं सांगाचं न. तुमी मास्तरीन कायच्या?"
मॅडम घरात गेल्या नाहीत. रडल्या नाहीत. दारातच कमरेवर हात. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा गावासमोर शाळेची भाषा सोडली. "मी सांगतलं, मंग तुमी घरी सांगतलं, मंग त्याची बहीन सांगते. थ्याले बोलाले जागा कोन देते? आज ना उद्या बोलन. तुमी मधात नका येऊ."
"मी माय हाय त्याची."
"दहा ते पाच मी हाय."
वहिनी मेथी घेऊन परत. जाताना, "लयच बोलते ही."

घरी येऊन सुमनला म्हटलं, पेढे आणतो.
"कायचे?"
"मॅडमचं भांडण झालं."
"तुमचं डोकं फिरलं काय हो?"
फिरलं. पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

९ सप्टेंबर
ओमनं काल पाटीवर अख्खा शब्द जुळवला. कोणता, ते विचारलं तर सांगत नाही, लाजतो. वहिनींनी मॅडमकडे जाऊन काही म्हटलं नाही. मात्र आज मॅडम त्यांच्याकडे भाजी घ्यायला गेल्या तर वहिनींनी सगळ्यांना लावला तोच भाव लावला. मॅडमनी घासाघीस केली. वहिनी म्हणे, "परवडत नसन तं वरूडले जा." शेवटी मॅडमनी तोच भाव दिला आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्तीच्या उचलल्या, न विचारता. वहिनींनी पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.
मी टोमॅटो निवडत होतो. दोनदा निवडले.

७ ऑक्टोबर
अकोल्याला माल घेऊन गेलो. पहिला तोडा, रंग चांगला. काम झाल्यावर मॅडमच्या वडिलांना भेटलो. जुन्या शहरात शिलाईचं दुकान. ओळख सांगितली तर मशीन थांबवली, चहा सांगितला. हुशार माणूस. बोलता बोलता माझ्या खांद्याचं माप डोळ्यांनीच घेतलं.
"तुमच्या गावानं पोरगी जाड केली व्हती. आता जरा उतरली, बरं झालं. मांगच्या सुट्टीत आली तं म्हने, बाबा, आमच्या शेजारनीसंगं माहं भांडन झालं. सारी सुट्टी त्या भांडनाचंच सांगून राहिली."
'आमच्या शेजारनी'. गाडीत बसून पुन्हा ऐकीन म्हणून जपून ठेवलं.

मग त्यांनीच विषय काढला. संस्थेच्या शाळेचं बोलावणं आलं आहे, दिवाळीत मुलाखत. घरापासून पायी जायची शाळा. "मी बाप हाय. मले तं ती इथंच पायजे. तिच्या मायचे गुडघे गेले. तुमी काय म्हनता?"
काय म्हणणार. माझा पोरगा पुण्याला आहे. त्याला परत बोलावू का, असं तिथल्या एखाद्या माणसाला मी विचारलं असतं, त्यानं काय सांगितलं असतं? म्हटलं, "मले विचारू नका, मी व्यापारी मानूस. माह्या फायद्याचंच सांगन."
हसले. दोघंही हसलो.

त्या संस्थेतले एक जण आमच्याकडून संत्रा नेतात. परतताना बोरगावला गाडी थांबवून, निवड अडवता येईल म्हणून, त्यांचा नंबर काढला. लावला नाही. असं अडवून ठेवलेलं माणूस वर्गात उभं राहून काय शिकवणार.

१६ ऑक्टोबर
मॅडम दिवाळीला गेल्या. एक बॅग, मोठी. मी स्टँडवर सोडलं. मुलाखतीचं त्यांनी स्वतःच सांगितलं. "जाऊन येते भाऊ. बाबांना नाही म्हणवत नाही." मी म्हटलं, जा, चांगलं द्या. मनापासून म्हटलं की नाही, माहीत नाही. अर्धं.

निघताना लिंबाच्या लोणच्याची बरणी कमलवहिनींकडे ठेवली, रोज उन्हात ठेवून हलवायला सांगितली. मी घरी येऊन सुमनला, "लोणचं ठेवलं. मुरलं नाही अजून. म्हणजे येणार."
"लोनचं कोनीबी सोडून जाते. शेगडी नेली का थे सांगा."
शेगडी कशी नेणार, एस.टी.त. तरी संध्याकाळी जाऊन खिडकीतून पाहिली. आहे.

२४ ऑक्टोबर
मॅडमचा फोन नाही. मी केला नाही. वहिनी बरणी हलवतात. आज म्हणे, "मीठ कमी हाय, मी टाकलं." म्हटलं, त्यांना विचारलं? "विचाराचं काय, आली का भांडन."
'आली की' म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 'आली का' म्हणाल्या, म्हणजे आली तर.

३१ ऑक्टोबर
राऊत सर रिटायर. सुट्टी असली तरी सर शाळेत येऊन मागच्या बाकावर बसले होते, एकटेच. म्हणाले, शाल-नारळ नको भाऊ. मग काय देऊ? "सोमवारी नवे सर येऊन राहिले, नांदेडकडचे. फोन आला होता. त्यांना शेगडी द्या."

२ नोव्हेंबर
आज संध्याकाळच्या गाडीनं मॅडम आल्या.
मी स्टँडवर नव्हतो असं सुमनला सांगितलं आहे. होतो. पानटपरीच्या मागे.
बॅग तीच, मोठी. जड होती. रिकामी नेऊन भरून आणली, की भरून नेऊन तशीच आणली, ते बॅगेवरून समजत नाही. खोलीवर जाण्याआधी वहिनींकडे गेल्या. थोड्या वेळानं आवाज. "मीठ कोन टाकलं?"
मी सायकलवाल्या पोरांसारखा शिट्टी वाजवत घरी आलो.

३ नोव्हेंबर
नवे सर आले. दुबळा पोरगा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. गाव दारात. सुमन आणि कमलवहिनी यांच्यात आधीच जुंपलेली, पहिलं जेवण कोणाकडे. सुमन म्हणे, अध्यक्षाकडे. वहिनी म्हणे, पुरन शिजलं हाय. मी दोन महिने जे सांगितलं ते सगळं पाण्यात. मलाही वाटत होतं, पोरगा लांबून आला, एक घास तरी.

तेवढ्यात मॅडम पुढे. "पहिलं जेवन माह्याकडं. उद्यापासून त्याचं थो रांधन." पोराकडे वळून, शाळेच्या भाषेत, "सर, तुम्हाला वरण-भात करता येतो?"
"नाही मॅडम."
"मग शिका. इथं शिकू देत नाहीत, पण शिका. आणि मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणार आहे. राग आला तर चालेल."
राऊत सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता काढला.

सं. मॅडमच्या खोलीत जेवायला नवे सर, रा. सर, मी. बाहेर ओट्यावर वहिनी आणि सुमन, बोलावलं नव्हतं तरी. वहिनींनी कागदात पुरणपोळी आणलीच. जागा नव्हती, मी दाराशी बसलो. लोणचं आलं. मीठ बरोबर होतं, पण ते दोघींसमोर बोललो नाही.

सुमननं ओट्यावरून नव्या पोराला विचारलं, "मंग नांदेडची बदली कधी—"
"जेवू द्या न त्याले," मॅडम म्हणाल्या.

मग राऊत सरांनी विचारलं. मी विचारणार नव्हतो, दिवसभर जीभ दाबून होतो. सरांनी भात कालवत, मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या संस्थेचं काय ठरलं?"
"झाली निवड," मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे."
"मग?"
बाहेर वहिनींच्या बांगड्याही थांबल्या. मॅडमनी श्वास घेतला. मी सगळा कान झालो. भरून होता, खूप भरून, पुढे जाणाऱ्याचा.
कुकरची शिटी झाली. मॅडम उठल्या, गॅस बारीक केला आणि नव्या सरांना हाक मारली, "इकडं या, पाहून घ्या. किती शिट्ट्या ते मोजत बसायचं नाही, वास आला की बंद."

श्वास भरून होता, एवढं नक्की. बोली कोणत्या मालावर लागली, अकोल्याच्या की इथल्या, ते ऐकू आलं नाही.